सहा बाजूंचे सहा दिवस

"हे माझ्याकडं कशाला आणलंस बाळ?" इनामदारसाहेबांनी पत्र्याचा डबा श्रेणिककडं परत सरकवला. "बाईला घरात ठेवून माझ्या दारात येतोस होय?"

श्रेणिकला काही कळलं नाही. तो उगाच हसला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. मी हातातल्या चहाच्या कपात बघत बसले.

मिरजेत इनामदारांच्या पुढच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. साहेबांनी ऐंशी ओलांडली होती आणि त्यांचे हात इतके थरथरत होते की बशी टेबलावर ठेवेपर्यंत त्यातला कप वाजत राहायचा. एके काळी माधवनगरच्या आमच्या घड्याळांच्या कारखान्यात ते सुपरवायझर होते. माझ्या सासऱ्यांनी अठ्ठावन्न साली तो कारखाना काढला. बाहेरून सुटे भाग यायचे, आमच्याकडं जुळणी व्हायची आणि तबकडीवर देवनागरीत 'निमिष' असं नाव यायचं. पुढं सेलवरची घड्याळं आली, रोज चावी द्यायला कुणाला सवड उरली नाही, आणि एकोणनव्वदला कारखाना बंद झाला.

ते 'निमिष' पुन्हा सुरू करायचं श्रेणिकच्या मनात होतं. माझा हा एकुलता एक मुलगा. बेंगळुरूची चांगली नोकरी सोडून आदल्या दिवशीच तो सांगलीला आला होता. माळ्यावर त्याच्या वडिलांनी जपून ठेवलेला डबा त्याला सापडला. त्यात चाळीस घड्याळांचे न जोडलेले भाग, तेलकट कागदात गुंडाळलेले, जसेच्या तसे होते. त्यातलं एक तरी अठरा तारखेपर्यंत चालतं करायचं होतं. बेंगळुरूची दोन माणसं त्याच्या मागं उभी राहायला तयार होती, त्यांना आजोबांच्या भागांतून जुळवलेलं खरंखुरं घड्याळ दाखवायचं होतं. मला तो म्हणाला, "इनामदारकाकांकडं जाऊन येऊ. चल की, तेवढंच फिरणं होईल." भाड्याच्या गाडीत का होईना, त्याच्या शेजारी बसून मला किती वर्षं झाली होती. नाही म्हणायला हवं होतं, पण मी साडी बदलून तयार झाले.

"कोण बाई, काका?" श्रेणिकनं विचारलं.

"तुझी आई! कोण म्हणजे? सात नंबरचं टेबल. शालन दिवटे, माधवनगरच्या कोष्ट्याची पोरगी. पाच वर्षं टायमिंग तिच्याकडं होतं. चौदा पोरी जुळणी करायच्या, पण कारखान्यातनं बाहेर पडणारं प्रत्येक घड्याळ शेवटी हिच्या हातातनं जायचं." मग ते थांबले. माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "सांगितलं नाहीस होय गं?"

"नाही साहेब," मी म्हटलं.

पस्तीस वर्षांनंतर तो 'साहेब' आपोआप तोंडातनं आला. बाकी कशावर नाही, पण त्या एका शब्दावर श्रेणिकचा विश्वास बसला, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

आम्ही मिरजेहून सांगलीला परत निघालो. विश्रामबागच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा श्रेणिक म्हणाला, "आजी म्हणायची तू बेळगावची."

"लग्न बेळगावला झालं म्हणून."

"आणि तुझे मामा बँकेत मॅनेजर?"

"मला मामाच नव्हता."

मग मी त्याला सांगितलं. जे होतं तेवढंच. त्याचे वडील सुकुमार, मालकाचा मुलगा, आणि मी टेबलावरची पोरगी. ते जैन, आम्ही कोष्टी. वर्षभर घरात रणकंदन झालं. शेवटी मामंजी म्हणाले, करा लग्न, पण हिनं कारखान्यात काम केलंय हे पुन्हा कुणाच्या तोंडून मला ऐकू येता कामा नये. इनामदारसाहेबांना त्यांनी शपथ घातली. बाकीच्या पोरींना मीच हळूहळू भेटेनाशी झाले. त्यानंतर दसऱ्याच्या पूजेलासुद्धा मी कारखान्याच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही.

"आणि आजोबा तुझ्याशी कधीच..."

"बोलायचे की. मीठ कमी आहे, पाहुणे येणार आहेत. तसं बोलायचे."

एक गोष्ट मी तेव्हा सांगितली, ती आजवर कुणालाच सांगितली नव्हती. लग्नानंतर दोनेक वर्षांनी एकदा मामंजींनी कोटाच्या खिशातून एक घड्याळ काढलं आणि जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाशेजारी ठेवलं. हात धुवून निघून गेले. मी ते दुपारी उघडलं. नव्या पोरीला जमलं नव्हतं, रोज सहा मिनिटं पुढं जात होतं. मी नीट केलं आणि सकाळी त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवलं. आठवड्यानं दुसरं आलं. मग दोन. कारखाना बंद होईपर्यंत हे चाललं. मामंजी आणि मी, आमच्यात त्याबद्दल एक शब्द झाला नाही. पण माझ्या ताटाशेजारी घड्याळ नसलं की मला तो दिवस सुना वाटायचा.

श्रेणिकनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "आई, मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू कधी विचारलं नाहीस."

घरी आल्यावर त्यानं जेवणाचं टेबल ओढून त्याच्या जुन्या खोलीत खिडकीपाशी नेलं, त्यावर पांढरा कागद पसरला आणि म्हणाला, "बस. शिकव मला."

तेव्हा मी एकटी राहत होते त्याला सहा वर्षं झाली होती. सुकुमार गेले, श्रेणिकचा संसार तिकडं. सून पल्लवी भली पोरगी, पण तिची नोकरी, नातीची, सईची, शाळा. श्रेणिकचा फोन रविवारी सकाळी दहाला यायचा. आठवडाभर कुणाशी धड बोलणं नसल्यानं फोनवर माझं पहिलं वाक्य घोगरं यायचं आणि तो विचारायचा, "आई, बरं नाही का?" म्हणून रविवारी पावणेदहाला मी पेपर घेऊन मोठ्यानं वाचत बसायची. आवाज मोकळा व्हायचा. हे त्याला माहीत नव्हतं.

टेबलावर बसले खरी, पण पहिल्या दिवशी माझ्या हातनं स्क्रू उडाला. तिळाहून बारीक स्क्रू. आम्ही दोघं बॅटरी घेऊन तासभर फरशीवर रांगत होतो. शेवटी तो माझ्या निरीतच सापडला. श्रेणिक फरशीवर बसूनच हसायला लागला. इतका हसला की मलाही हसू आवरेना. त्या घरात असं दोन माणसांचं हसणं ऐकून मलाच चमत्कारिक वाटलं.

एप्रिलचे दिवस होते आणि पंखा लावता येत नव्हता. वाऱ्यानं भाग उडतात, धूळ बसते. घामाच्या धारा लागायच्या. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं भिंग दुसऱ्या डोळ्याला लावायला शिकावं लागलं. पण बोटं विसरली नव्हती. दुसऱ्या दिवशी चिमटा हातात घेतला आणि मनगट टेबलाच्या कडेला आपोआप जिथं टेकायचं तिथं टेकलं.

मी त्याला बघायला शिकवलं. करायला नंतर. "आधी बघ. ही बालकमानी. केसापेक्षा बारीक तार आहे, गोल गोल वेढे घेतलेली. घड्याळाचा श्वास म्हण. हे वेढे श्वास घेतल्यासारखे उघडतात, मिटतात. दोन वेढ्यांतलं अंतर सगळीकडं सारखं हवं. एक जरी वेढा कलला तरी घड्याळ खोटं बोलायला लागतं."

"मला सगळे सारखेच दिसतात."

"दिसतील. बघत राहा."

माणसाची नजर कामात असली की तोंड सुटतं, हे मला कारखान्यात कळलं होतं. आम्ही पोरी टेबलावर मान खाली घालून जे बोलायचो ते सख्ख्या आईशी बोलत नव्हतो. श्रेणिकचंही तसंच झालं. भिंगाला डोळा लावून तो बोलत राहायचा. नोकरीत शेवटच्या वर्षी संध्याकाळी घरी आल्यावर तो तळघरातल्या पार्किंगमध्ये अर्धा अर्धा तास नुसता गाडीत बसून राहायचा, हे त्यानं मला सांगितलं. राजीनामा दिल्याचं पल्लवीला महिनाभर सांगितलं नव्हतं. वडील गेले तेव्हा विमानात त्याच्या शेजारचा माणूस सिनेमा बघून हसत होता आणि त्याला त्या माणसाचा गळा दाबावासा वाटला होता. "हे तुला फोनवर कसं सांगणार?" तो म्हणाला. मी तेलाचा टिपूस सुईच्या टोकावर घेऊन माणकात, म्हणजे चाकाची दांडी फिरते त्या खड्यात, सोडत होते. मान वर केली नाही. मान वर केली असती तर तो थांबला असता.

आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत. एकटी पडल्यापासून मी ती सोडली होती, कधीही काहीही खायची. त्या पाच दिवसांत मी पुन्हा साडेसहाला ताटं घ्यायला लागले. दूधवाल्याला अर्धा लिटर वाढवायला सांगितलं. तो म्हणाला, "पाहुणे आलेत काय काकू?" मी म्हटलं, "मुलगा आलाय." एवढं बोलताना माझा आवाज चढलाय हे मलाच जाणवलं.

पाचव्या दिवशी सकाळी श्रेणिकनं मोबाईल आणि घड्याळ शेजारी शेजारी ठेवून बघितलं. आदल्या सकाळपासून चोवीस तासांत बारा सेकंद पुढं. बारा सेकंद! कारखान्यात आम्ही वीस सेकंदांना पास करायचो. श्रेणिकनं मला खांद्याला धरून गदागदा हलवलं. मग गॅलरीत जाऊन पल्लवीला फोन लावला. गॅलरीचं दार उघडं होतं.

"झालं गं! चालतंय! उद्या दुपारच्या गाडीनं निघतो. नाही, थांबून काय करू? इथं आता काही काम नाही."

त्यात काही चुकीचं नव्हतं. काम संपलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उपिटासाठी रवा भाजायला घेतला आणि तो जळला.

दुसऱ्या दिवशी, चौदा तारखेला सकाळी, श्रेणिक आंघोळीला गेला. बॅग दारात भरून ठेवली होती. घड्याळ खिडकीपाशी कागदावर होतं. मी खुर्चीवर बसले, भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं. बालकमानी उघडत होती, मिटत होती. मी चिमटा घेतला आणि सगळ्यात बाहेरच्या वेढ्याला टोकानं किंचित रेटलं. बस, तेवढंच. झाकण लावलं. बाथरूममधून बादलीचा आवाज येत होता. माझा हात अजिबात थरथरला नव्हता, हे मला आजही आठवतं.

बारा वाजता मी म्हटलं, "श्रेणिक, हे मागं पडतंय."

त्यानं मोबाईल शेजारी धरला. दोन-तीन तासांतच दीड मिनिट मागं होतं. त्याचा चेहरा उतरला. "काल तर ठीक होतं."

"काल एका बाजूवर ठेवलेलं होतं. हातावर घड्याळ सगळ्या बाजूंना फिरतं. कारखान्यात आम्ही सहा बाजू बघायचो. तबकडी वर, तबकडी खाली, चावी वर, चावी खाली, चावी डावीकडं, चावी उजवीकडं. कुठल्या बाजूला किती मागं पडतंय ते कळलं की दोष कुठं आहे ते कळतं."

"त्याला किती वेळ लागतो?"

"एका बाजूला एक दिवस."

"म्हणजे सहा दिवस?"

"सहा."

यातलं सगळं खरं होतं. सहा बाजू खऱ्या, सहा दिवस खरे. फक्त मला दोष कुठं आहे ते माहीत होतं.

त्यानं तिकीट रद्द केलं. बेंगळुरूच्या माणसांना फोन करून अठराच्या ऐवजी चोवीस तारीख मागितली. "ते बघू म्हणाले," तो मला म्हणाला आणि बॅग उचलून परत खोलीत नेली. मी संध्याकाळी पुरण घातलं.

पण ते दिवस आधीच्या पाच दिवसांसारखे झालेच नाहीत. घड्याळ एका बाजूवर पडून असायचं आणि करायला काही नसायचं. तो खोलीभर फेऱ्या मारायचा. फोन घेऊन गॅलरीत गेला की आता दार ओढून घ्यायचा. काचेतून त्याची पाठ दिसायची. जेवताना मी काही विचारलं तर "हं" म्हणायचा. मी त्याला ठेवून घेतलं होतं आणि तो माझ्या घरात नव्हता. दुसऱ्याच दिवशी माझ्या मनात आलं, आज नीट करून टाकते. मग वाटलं, उद्या. तिसऱ्या दिवशीही वाटलं, उद्या.

सतरा तारखेला सकाळी दहाच्या सुमारास मी कपडे वाळत घालून आत आले तेव्हा तो टेबलापाशी बसला होता. झाकण उघडलेलं, भिंग डोळ्याला. बराच वेळ हलला नाही.

"आई," तो भिंग न काढता म्हणाला, "बाहेरचा वेढा कललाय."

मी दारातच उभी राहिले.

"आतले सगळे सारखे आहेत. बाहेरचा एकच. इथून कुणीतरी रेटल्यासारखा." त्यानं भिंग काढलं. त्याच्या डोळ्याभोवती गोल वळ उठला होता. माझ्याकडं बघितलं. मी त्याला बघायला शिकवलं होतं आणि तो शिकला होता.

मग त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "निघायच्या आदल्या रात्री मीच उघडलं होतं बहुतेक. माझाच हात लागला असणार."

आणि मी म्हटलं, "असेल."

एवढंच म्हटलं. तीन अक्षरी शब्द, पण आयुष्यात मी इतका हलका शब्द दुसरा उच्चारला नाही.

"मी काढू का सरळ?"

"काढ."

त्यानं स्वतः काढला. मी शेजारी उभी होते, एकदाही बोलावं लागलं नाही. दहा मिनिटांत घड्याळ पुन्हा नीट श्वास घ्यायला लागलं. साडेदहा वाजले होते. बेंगळुरूची गाडी मिरजेहून दुपारी तीनला होती. तो निघाला असता तर अठराला सकाळी पोचला असता, चोवीस तारखेची वाट बघायची गरजच पडली नसती. मी वाट बघत होते की आता तो बॅग उचलेल. पण तो टेबलापाशी बसून राहिला. मध्येच उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. मी भाकरी थापत होते.

"आई."

"काय रे?"

"काही नाही."

तीन वाजले, चार वाजले. दिवस मावळायच्या आत आम्ही जेवलो. तो दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेला.

बेंगळुरूच्या माणसांनी चोवीस तारीख दिलीच नाही. तोवर त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी शब्द दिला होता. रविवारी दहाला श्रेणिकनं मला हे सांगितलं, अगदी हवामान सांगावं तसं. त्यानं दुसरी नोकरी धरली. डबा त्याच्या कपाटात गेला. 'निमिष'चं नाव आमच्या बोलण्यातनं गेलं. मी रविवारी पावणेदहाला पेपर मोठ्यानं वाचायची. कधी कधी वाचता वाचता मी मध्येच म्हणून बघायची, "श्रेणिक, ती कमानी मी हलवली होती." आवाज स्वच्छ यायचा. दहा वाजता फोन आला की मी विचारायची, "काय म्हणते सई? शाळा सुरू झाली?"

तीन वर्षांनी त्यानं ते पुन्हा काढलं. कुणाच्या आधाराशिवाय, बेंगळुरूला दोन खोल्यांत. रूपा आणि जयलक्ष्मी म्हणून दोन पोरी हाताशी घेतल्या, त्यांना स्वतः शिकवलं. त्या चाळीस संचांतून एकतीस घड्याळं चालती झाली. ती बाहेर पडायच्या आधी सगळ्यांचं टायमिंग बघायला त्यानं मला बोलावलं. मी अकरा दिवस तिथं होते.

पोरी मला अम्मा म्हणायच्या. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. पण चिमटा कसा धरायचा ते बोटानं दाखवलं की पुरायचं. श्रेणिक दिवसभर फोनवर, बाहेर. घड्याळाबरोबर द्यायचं एक पत्रक त्यानं छापून घेतलं होतं. वर मामंजींचा फोटो आणि नाव. खाली माधवनगरच्या कारखान्यातल्या चौदा पोरींची नावं होती. इनामदारसाहेब जायच्या आधी त्यांना विचारून विचारून त्यानं ती लिहून घेतली होती. अकरावं नाव होतं, शालन दिवटे, टायमिंग. मामंजींचं आणि माझं नाव एका कागदावर असं मी पहिल्यांदाच बघितलं. मी ते पत्रक घडी न घालता पिशवीत ठेवलं.

शेवटच्या दिवशी दुपारी पोरी जेवायला गेल्या होत्या. श्रेणिक माझ्यासमोर बसून पेट्यांवर चिठ्ठ्या लावत होता. मान खाली होती. मीही एक घड्याळ उघडून बसले होते.

"श्रेणिक, त्या वेळी कमानी मी हलवली होती."

त्याचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हाच. मी घड्याळ उघडलंच नव्हतं आई. बारा सेकंद आले त्यानंतर मी त्याच्या झाकणाला हातही लावला नव्हता."

"मग तसं का म्हणालास?"

"तू नाही म्हणशील असं वाटलं होतं." त्यानं एक चिठ्ठी बोटानं दाबून बसवली. "तू सांगशील म्हणून दुपारभर थांबलो. गाडी सोडली. मला वाटलं, आता म्हणेल, आता म्हणेल, राहा म्हणून."

"तुझं केवढं नुकसान झालं."

"ते अर्धं माझ्या थांबण्यानं झालं."

रस्त्यावरून भाजीवाला काहीतरी ओरडत गेला. मी भिंग काढलं. इतक्या वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते मी म्हटलं. "मग आता म्हणते. ये चार दिवस. काही काम नसताना ये."

तो माझ्याकडं बघत राहिला. डोळे भरले होते की दिवसभराच्या कामानं लाल झाले होते, मला कळलं नाही. म्हणाला, "येतो. दिवाळी झाली की येतो."

आणि आला. दिवाळीनंतरच्या शनिवारी, एकटाच, लहानशी बॅग घेऊन. बरोबर ना डबा, ना लॅपटॉप. मी त्याची खोली झाडून ठेवली होती, दूध वाढवून ठेवलं होतं. आल्या आल्या आम्ही चहा घेतला. प्रवास कसा झाला ते त्यानं सांगितलं. सईच्या शाळेचं सांगितलं. मी शेजारच्या मगदूमांच्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. मग सांगायचं संपलं. आम्ही समोरासमोर बसलो होतो आणि दोघांचीही नजर कुठं ठेवावी ते आम्हाला कळत नव्हतं. दुपारी तो झोपला. संध्याकाळी गावात चक्कर मारून आला. दिवस मावळायच्या आत आम्ही जेवलो, भाजी छान झालीय असं तो दोनदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर बघत होते. तो गॅलरीतून आत आला, खोलीभर एक चक्कर मारली, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आई, घरात काही दुरुस्तीला आहे का गं?"

मला त्याला काहीतरी द्यायचं होतं. मी एकेक खोली मनातल्या मनात फिरून आले. मिक्सर, इस्त्री, नळ, सुकुमारांचा रेडिओ, देवघरातला दिवा. सगळं आठवून बघितलं.

सगळं नीट चालू होतं.